पाया कोणी घालायचा, आणि कोणाच्या खर्चाने?

बारावीचा निकाल लागला की वाणिज्य महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागतात आणि त्या रांगांत दरवर्षी तेच दोन प्रश्न ऐकू येतात. साध्या बी.कॉम.ला जावे, की 'अकाउंटिंग अँड फायनान्स' या खास पदवीला? आणि पदवी तीन वर्षांत संपवावी, की नव्या धोरणाप्रमाणे चौथे वर्षही करावे? प्रवेशाचे गुण, शुल्क, महाविद्यालयाचे नाव, नोकरीची शक्यता या सर्व गोष्टींची पालक बारकाईने चौकशी करतात. ज्याची चौकशी कोणीच करीत नाही असा प्रश्न निराळाच आहे. लेखाकर्म आणि वित्त या विषयांचा पदवीचा अभ्यास पेलण्याइतकी विद्यार्थ्याची तयारी झालेली आहे काय? आणि झालेली नसेल, तर ती कोणी, कोठे व कोणाच्या खर्चाने करून घ्यावयाची?

हा प्रश्न काही आपल्यापुरता नाही. इंग्लंडमधील विद्यापीठांनी त्याला एक उत्तर शोधले आहे व त्याला 'फाउंडेशन इयर', म्हणजे पायाभूत वर्ष, असे नाव आहे. त्या उत्तराचे गुण आणि दोष दोन्ही आपल्याला उपयोगी पडण्यासारखे आहेत. म्हणून प्रथम ते काय आहे हे पाहू आणि मग आपल्या घराकडे वळू.

इंग्लंडमधील शून्य वर्ष

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी शालेय शिक्षणाचा एक टप्पा संपतो व पुढील दोन वर्षे विद्यार्थी सामान्यतः तीनच विषयांचा सखोल अभ्यास करतो. ज्याने इतिहास, भूगोल आणि इंग्रजी साहित्य घेतले, त्याचा गणिताशी संबंध सोळाव्या वर्षीच संपतो. अठराव्या वर्षी त्याला हिशेबतपासनीस व्हावेसे वाटले तर वाट बंद होते. कोणाला विषय योग्य मिळाले तरी गुण कमी पडतात. कोणी शाळा सोडून दहा वर्षे दुकानात किंवा कारखान्यात काम केलेले असते आणि तिशीत पुन्हा शिकावेसे वाटते. अशांसाठी पदवीच्या आधी एक वर्ष जोडलेले असते. त्याला विद्यापीठांत 'शून्य वर्ष' असेही म्हणतात. त्यात गणित, प्राथमिक संख्याशास्त्र, अर्थशास्त्राची ओळख, हिशेबलेखनाची मूलतत्त्वे आणि इंग्रजीत सुसंगत निबंध किंवा अहवाल लिहिण्याचा सराव असतो. हे वर्ष ठरलेल्या गुणांनी पार पडले की विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात जातो. त्याला प्रवेशासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागत नाही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवीच मुळात चार वर्षांची असते आणि प्रारंभीच्या काळात विषयांची व्याप्ती मोठी ठेवलेली असते.

कल्पना म्हणून यात वावगे काही नाही. विद्यार्थ्याला दाराबाहेर ठेवण्यापेक्षा, किंवा तयारी नसताना आत ढकलण्यापेक्षा, उंबरठ्यावर एक वर्ष थांबवून त्याला तयार करणे केव्हाही शहाणपणाचे. केंब्रिज विद्यापीठाने २०२२ साली आणि ऑक्सफर्डने २०२३ साली अशी वर्षे सुरू केली, ती शिक्षणात अडथळे सोसलेल्या मुलामुलींसाठी. तेथे विद्यार्थ्याकडून या वर्षाचे शुल्क घेतले जात नाही.

शिडीचे दुकान

परंतु कल्पना एक आणि तिचा बाजार दुसरा. इंग्लंडमध्ये २०१२ पासून विद्यापीठांना वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत व २०१७ पासून ९,२५० पौंडांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा मिळाली आणि शून्य वर्षालाही तीच मर्यादा लागू होती. प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही, फळा आणि प्राध्यापक एवढ्यावर भागते, अशा विषयांत हे शुल्क पूर्ण मिळू लागले तेव्हा काय व्हायचे ते झाले. सरकारी आकडेवारीनुसार २०११-१२ मध्ये पायाभूत वर्षाला साडेआठ हजारांच्या आसपास विद्यार्थी दाखल झाले होते. २०२१-२२ मध्ये ही संख्या एकोणसत्तर हजारांच्या वर गेली आणि त्यांतील निम्मे विद्यार्थी व्यवसाय व व्यवस्थापन या एकाच गटातील होते. दहा वर्षांत इंग्लंडमधील मुले एकाएकी आठपट अपुऱ्या तयारीची झाली, असे कोणी म्हणणार नाही. मागणी पुरवठ्याने निर्माण केली, असाच याचा अर्थ अर्थशास्त्राचा विद्यार्थी लावील.

फिलिप ऑगर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे २०१९ च्या अहवालात या प्रकारावर बोट ठेवले. हीच तयारी महाविद्यालयांतील 'ॲक्सेस' पदविकेच्या मार्गाने पुष्कळ कमी खर्चात होऊ शकते. मग विद्यार्थ्यावर एका जादा वर्षाचे पूर्ण कर्ज का लादावे, असा तिचा रोख होता. अशा वर्षांना मिळणारे कर्जसाहाय्य काढून घ्यावे, अशी शिफारस समितीने केली. सरकार तेथपर्यंत गेले नाही. मात्र वर्गात शिकविल्या जाणाऱ्या विषयांच्या पायाभूत वर्षाचे शुल्क २०२५-२६ पासून ५,७६० पौंडांवर आणण्यात आले. लेखाकर्म व वित्त हे विषय यातच मोडतात. दरम्यान, जानेवारी २०२४ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, विद्यापीठांशी करार करून पदव्यांचे वर्ग चालविणाऱ्या संस्थांमध्ये विद्यार्थी-कर्जांचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारींची चौकशी करून अहवाल दिला. शिक्षणसंस्थांचेच हिशेब तपासण्याची वेळ आली, हे या विषयाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या आकड्यांमागे माणसे आहेत हे विसरून चालणार नाही. २०२३ च्या ऑगस्टनंतर शिक्षण सुरू करणाऱ्या इंग्लिश विद्यार्थ्याला वार्षिक २५,००० पौंडांवरील मिळकतीच्या नऊ टक्के रक्कम कर्जफेडीसाठी द्यावी लागते आणि ही फेड चाळीस वर्षांपर्यंत चालू शकते. एका जादा वर्षाचे ओझे नोकरीच्या जवळजवळ साऱ्या आयुष्यावर पसरते. बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांना तर ही शुल्कमर्यादा लागूच नाही, आणि त्यांच्यासाठीची पायाभूत वर्षे अनेक ठिकाणी विद्यापीठांशी भागीदारी केलेल्या खाजगी कंपन्या चालवितात. मुंबई-पुण्याच्या ज्या पालकांना मध्यस्थांकडून अशा वर्षाची शिफारस होते, त्यांनी एक साधी चौकशी करावी. भारतातील बारावीचे चांगले गुण धरून थेट पहिल्या वर्षात प्रवेश देणारी विद्यापीठे इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. आपल्या मुलाला ते वर्ष खरोखर हवे आहे, की ते कोणाला विकावयाचे आहे, हे मध्यस्थाला न विचारता विद्यापीठालाच पत्र लिहून विचारलेले बरे.

आपल्याकडील निनावी वर्ष

हे वाचून आपल्याकडे अशी काही भानगड नाही, असा सुस्कारा कोणी टाकील. तो सुस्कारा अवेळी ठरेल. आपल्याकडेही पायाभूत वर्ष होते. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या काळी 'प्रीव्हियस'चा वर्ग असे. शालान्त परीक्षा अकरावीला होती तोवर महाविद्यालयातील पहिले वर्ष पूर्व-पदवीचे असे. कोठारी आयोगाच्या शिफारशींना अनुसरून १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि तयारीचे काम अकरावी-बारावीच्या दोन वर्षांकडे सोपविण्यात आले. कागदावर हे वर्ष एकाचे दोन झाले. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांचा उपयोग कशासाठी होतो, हे वाणिज्य शाखेत शिकविणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला ठाऊक आहे. अकरावीचे वर्ष विसाव्याचे मानले जाते आणि बारावीचे वर्ष अपेक्षित प्रश्नसंचांचे. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत गणित हा विषय सक्तीचा नाही. त्याऐवजी चिटणीसाची कार्यपद्धती घेता येते, आणि गुणांचा हिशेब करणारा विद्यार्थी बहुधा तीच घेतो. त्याला दोष देता येत नाही. प्रवेश गुणांवर मिळतो, तयारीवर नव्हे.

पुढे तोच विद्यार्थी पदवीच्या वर्गात येतो तेव्हा त्याच्यापुढे व्यापारी गणित आणि संख्याशास्त्र उभे राहते. तो अडखळतो. मग आपली व्यवस्था त्याला पायाभूत वर्ष देते, फक्त त्या नावाने देत नाही. कोणाला ते 'ए.टी.के.टी.'च्या रूपाने मिळते. अनुत्तीर्ण विषय पाठीवर घेऊन तो पुढच्या वर्गात बसतो आणि तीन वर्षांची पदवी चार वर्षांत पुरी करतो. कोणाला ते खाजगी शिकवणीच्या रूपाने मिळते. सकाळी महाविद्यालयात हजेरी आणि सायंकाळी वर्गात शिक्षण, अशी ही विभागणी आहे, आणि शुल्क दोन्हीकडे भरावे लागते. कोणी सनदी लेखापालाच्या पहिल्या पायरीवरच वर्ष-दोन वर्षे घालवितो.

या शेवटच्या पायरीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेने आपल्या प्रवेशपरीक्षेला २०१७ पासून पुन्हा 'फाउंडेशन' हेच नाव दिले आहे. लेखाकर्म, व्यापारी कायदे, गणित-संख्याशास्त्र-तर्क यांचा एकत्रित पेपर आणि अर्थशास्त्र असे चार पेपर, प्रत्येकात चाळीस आणि एकूण पन्नास टक्के गुण, अशी तिची अट आहे. जून २०२४ मध्ये या परीक्षेचा निकाल पंधरा टक्क्यांच्या आत होता आणि मे २०२५ मध्ये पंधरा टक्क्यांहून किंचित वर. म्हणजे शंभरांतील पंच्याऐंशी मुले पायाच्या परीक्षेतच थांबतात. ही परीक्षा कठीण असावी हे मान्य. व्यवसायाची प्रतिष्ठा तिच्यावर अवलंबून आहे. पण परीक्षा घेणे म्हणजे पाया घालणे नव्हे. पाया आहे की नाही एवढेच परीक्षा सांगते. तो घालण्याचे काम आज शिकवणीवर्ग करतात, आणि ज्याच्या बापाला ते शुल्क झेपते त्याचाच पाया घातला जातो.

नेमके कमी काय पडते?

तयारी नाही असे मोघम म्हणून भागणार नाही. उणीव कोठे आहे हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. एक लाख रुपयांच्या यंत्रावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या दहा टक्के घसारा काढा, असे सांगितले तर बारावी झालेला विद्यार्थी तो सफाईने काढतो. पहिल्या वर्षअखेर ९०,००० रुपये, दुसऱ्या वर्षअखेर ८१,०००, तिसऱ्या वर्षअखेर ७२,९००. नोंदीही तो बिनचूक करील. आता त्याला बाराव्या वर्षअखेरची किंमत विचारा. बहुतेक विद्यार्थी बारा ओळींचे कोष्टक आखावयास बसतात. ही भूमितीश्रेढी आहे, दशांश नऊचा बारावा घात काढून लाखाने गुणले की २८,२४३ रुपये हे उत्तर एका ओळीत येते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. रीत पाठ आहे, पण रीतीमागचे गणित कोणी दाखविलेले नाही.

आणि वित्तशास्त्राचा सारा डोलारा त्याच गणितावर उभा आहे. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १,००० रुपयांची आठ टक्के दराने आजची किंमत ६८१ रुपयांच्या आसपास होते. घसाऱ्यात किंमत काळाबरोबर एका ठराविक प्रमाणात घटत जाते. येथे भविष्यातील रक्कम आजपर्यंत मागे आणताना तशीच घटते. ज्याला पहिली गोष्ट समजली त्याला दुसरी समजावयास अर्धा तास पुरतो. ज्याने पहिली केवळ पाठ केली, त्याला दुसरीही पाठच करावी लागते. मग कर्जरोख्याचे मूल्य, भांडवली गुंतवणुकीची निवड, विम्याचा हप्ता असे प्रत्येक प्रकरण त्याला नवे आणि परके वाटते.

दुसरी उणीव भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला नावे आणि जमा, रोजकीर्द आणि खातेवही, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द परके नाहीत. ते आपल्या पेढ्यांवरचेच शब्द आहेत. पदवीच्या वर्गात ते एकाएकी नाहीसे होतात. अदत्त खर्च आणि पूर्वदत्त खर्च यांतील भेद मराठीत क्षणात कळणारा विद्यार्थी इंग्रजी संज्ञांपाशी गोंधळतो. तरतूद आणि राखीव निधी यांतील फरक तर केवळ शब्दांचा नाही; एकाने नफा ठरतो आणि दुसऱ्याने ठरलेल्या नफ्याची वाटणी होते. सनदी लेखापालाची परीक्षा इंग्रजीखेरीज हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. तेव्हा इंग्रजी टाळता येणार नाही हे खरे. परंतु मराठी संज्ञेवरून इंग्रजी संज्ञेकडे नेणारा पूल बांधावा लागतो, आणि तो बांधण्यास वेळ लागतो. पदवीच्या सहा सत्रांत तो वेळ कोठेही राखून ठेवलेला नाही. मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीत 'फाउंडेशन कोर्स' नावाचा एक विषय पुष्कळ वर्षे होता, पण तो सामाजिक प्रश्नांच्या परिचयाचा होता. नावात पाया होता. लेखाकर्माच्या पायाशी त्याचा संबंध नव्हता.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

अशा वर्षाची सूचना केली की पहिला आक्षेप येतो, 'मुलाचे एक वर्ष वाया जाईल.' मध्यमवर्गीय आणि त्याहून गरीब घरांत हा आक्षेप हलका नाही. एक वर्ष उशिरा मिळणारा पगार हा खर्चच आहे, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने नाकारण्याचे कारण नाही. पण तुलना कोणाशी करावयाची? निर्वेध तीन वर्षांशी तुलना केली तर चौथे वर्ष तोट्याचे आहे. अनुत्तीर्ण विषय, पुनर्परीक्षा आणि शिकवणीचे शुल्क यांत गेलेल्या चार वर्षांशी तुलना केली तर ते फायद्याचे आहे. वर्ष दोन्हीकडे जाते. एकीकडे ते शिकण्यात जाते आणि दुसरीकडे मान खाली घालण्यात.

दुसरा आक्षेप दिल्लीच्या अनुभवाचा. दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणला, त्यात अकरा पायाभूत विषय सर्वांना सक्तीचे केले, आणि पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, तो सारा गुंडाळावा लागला. त्यावरून पायाभूत शिक्षणच चुकीचे ठरते असे नाही. ज्याचा पाया पक्का आहे त्यालाही पुन्हा पायाशी बसविले, तर तो वैतागणारच. पाया ज्याचा त्याचा पाहावा लागतो, हा त्या प्रसंगाचा धडा.

तिसरा आक्षेप असा, की नव्या शैक्षणिक धोरणाने चौथे वर्ष दिलेलेच आहे. दिले आहे खरे, पण ते शेवटी दिले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स, अशी रचना आहे, आणि मध्येच बाहेर पडणाऱ्याला एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका मिळण्याची सोय आहे. बाहेर पडण्याचे दरवाजे असे मोजून ठेवले आहेत. आत येताना ज्याचा पाय अडखळतो, त्याच्यासाठी पायरी ठेवलेली नाही. संशोधनाकडे वळणाऱ्या थोड्यांसाठी वरचे वर्ष हवे, तसे पहिल्या सत्रातच कोसळणाऱ्या पुष्कळांसाठी खालचे वर्ष हवे.

काय करता येईल?

एकदम मोठी यंत्रणा उभारावी असे सुचविण्याचा हेतू नाही. अनुदानित महाविद्यालयांपैकी प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन निवडून प्रयोग करता येईल. प्रवेश झाल्यानंतर सर्व विद्यार्थ्यांची गणित, हिशेबलेखन आणि इंग्रजी वाचन यांची एक चाचणी घ्यावी. तिचे गुण प्रवेशासाठी धरू नयेत व कोठे जाहीरही करू नयेत. ज्यांना गरज दिसेल त्यांना पायाभूत वर्षाचा सल्ला द्यावा. निर्णय विद्यार्थ्याचा आणि त्याच्या पालकांचा असावा. कोणाला एका सत्रात उणीव भरून काढता आली तर त्याला तेथूनच पुढे जाऊ द्यावे. पदवीच्या पहिल्या वर्षातील जागा मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या नावाने राखून ठेवलेली असावी. ती नसेल तर हे वर्ष म्हणजे आणखी एक प्रवेशपरीक्षा होऊन बसेल.

वर्ग सकाळचे असावेत, म्हणजे दुपारी एखाद्या पेढीत किंवा कर-सल्लागाराच्या कचेरीत चार पैसे मिळवून व्यवहारही पाहता येईल. शिकविण्यास महाविद्यालयातील अनुभवी प्राध्यापक नेमावेत. तासिकेवर मिळेल तो नवखा शिक्षक पायाला आणि मुरलेला शिक्षक कळसाला, ही आपली नेहमीची वाटणी येथे उलटी करावी लागेल. शुल्क प्रत्यक्ष खर्चाहून अधिक असू नये, आणि शुल्कमाफी व शिष्यवृत्ती यांच्या नियमांत या वर्षाचा स्पष्ट समावेश असावा. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. इंग्लंडमध्ये शुल्काची मर्यादा उशिरा आली आणि तोवर शिडीचे दुकान झाले होते. आपल्याकडे विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा अनुभव पाहता, ती अट आधी घातली नाही तर येथेही निराळे काही घडणार नाही.

दरवर्षी महाविद्यालयाने आपला हिशेबही मांडावा. किती विद्यार्थी या वर्षात आले, किती पुढे गेले, आणि त्यांतील किती जणांनी पदवी वेळेत पुरी केली, हे तीन आकडे सूचनाफलकावर लागले तर पालकांना जाहिरात वाचण्याची गरज उरणार नाही. लेखाकर्म शिकविणाऱ्या संस्थेने आपला ताळेबंद लोकांपुढे ठेवावा, ही काही जास्तीची अपेक्षा नव्हे.

खेड्यातून किंवा गिरणगावातल्या चाळीतून आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात तीन विषयांत अनुत्तीर्ण होतो तेव्हा आपण बुद्धीने कमी आहोत असे त्याला वाटते. वास्तविक जे त्याला कधी शिकविलेच गेले नाही, त्याची परीक्षा आपण घेतलेली असते. ज्याच्या घरी पैसा असतो तो ही उणीव विकत घेऊन भरून काढतो. ज्याच्या घरी नसतो तो शिक्षण सोडतो. पदवीला चौथे वर्ष जोडण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या, परिपत्रके निघाली, विद्यापीठांच्या बैठका झाल्या. त्यांतला निम्मा वेळ या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षासाठी द्यावा, एवढीच मागणी आहे.